अवसेचा नारळ

वाघोलीच्या गॅरेजात मी माझ्या गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारी सोजरबाई, त्यांचा मुलगा संपत आणि मिस्त्री मुनव्वर बोलत होते. नावं त्यांच्याच बोलण्यातून कळली.

“मुनव्वरभाई, ब्रेक दाबला की आईचा पाय थरथरतो. वय झालं आता. उद्यापासून ड्रायव्हर ठेवलाय.”

“मला इचारून ठेवलास का रं?”

“मावशी, थरथरतंय ते पेडल. पुढच्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर बिघडलाय, म्हणून ब्रेक उगाच झटके देतोय.”

“ऐकलंस संपत? पाय न्हाई, पेडल.”

“मग सेन्सर बदलला की झालं ना, भाई?”

“नुसता सेन्सर बदलून भागणार नाही. हा वायरचा कनेक्टर बघा, पिना गंजून हिरव्या पडल्यात. हाही नवा लागेल. चाकावर काही ओतता का?”

“मी न्हाई, ह्यो ओततो. दर अवसेला चाकावर नारळ फोडतो आन् पाणी पार आतपर्यंत शिंपडतो.”

“तुझ्या हातून काही होऊ नये म्हणूनच ना, आई.”

“मग झालं की तुझ्या हातून. भाई, दोन्ही नवं बसवा. हितनं पुढं अवसेचा नारळ माझ्याकडं द्यायचा, चटणी वाटीन.”

“आणि ड्रायव्हरला काय सांगू?”

“त्याला तुझ्या गाडीवर ठेव.”

तासाभरानं त्यांची गाडी बाहेर आली.

“आई, निदान आज तरी मी चालवतो.”

“किल्ली हिकडं दे. आन् तू मागं बस. पुढं बसलास की रस्ता सोडून माझ्या पायाकडंच बघत बसतोस.”