ऊन दाखवलेली माती

नाय नाय, तसं नाय सर, बसा ना तुम्ही — दीपाली पाखाडीच्या पायऱ्यांनी खाली गेलेय दुधाला, येईलच. त्या नळ्या ना? त्या काय, कोपऱ्यात. सहाच्या सहा आहेत. हिमालयातनं तुमच्या कॉलेजात न जाता पोर परस्पर घरी आली — माझा पाय मुरगळला म्हणून फोन केला होता मी — तसा फार नव्हता मुरगळला. त्या नळ्यांत हिमनदीनं मागं टाकलेला गाळ म्हणे, हजारो वर्षांचा. चिकटपट्टी बघताय? ती... ती मीच लावली परत.

त्याचं काय झालं, आगोट चालली होती आमची. पावसाच्या आधी घरातलं सगळं उन्हात पडतं — मिरच्या, सुकट, आमसुलं, गोधड्या. नळ्यांना ओला वास आला, म्हटलं बुरशी धरेल. काढली माती, सुपात पसरली, उन्हं उतरल्यावर जिची तिच्यात भरली. कुणाला कळणार होतं? — नाय, सांगितलं होतं तिनं, खोटं कशाला बोलू. आई, ह्या मातीला उजेड लागला की तिचं वय काढता येत नाय, सगळं फुकट. दोनदा सांगितलं होतं.

हिचे वडील बावीस वर्षं मुंबईला, वर्षातनं आठ दिवस येतात. बाकी मी आणि समोरचा कातळाचा उघडा सडा. कुणाशी बोलू? आता ही पण आली की त्या बर्फाचंच बोलते, तंबूचं, दगडांचं — तोंड कसं उजळतं तिचं, तुम्ही बघितलंय ना? मला बघवत नाय. वाटलं, माती वाया गेली की हे खूळ संपलं, लागेल इथंच मालगुंडला शाळेत, रोज संध्याकाळी घरी येईल. एवढंच. वाईट मागितलं काय मी?

काय म्हणालात? परत हिमालयात जायला लागेल? तिलाच? — आणि ह्या खेपेला दोन महिने? शिक्षणाचं वर्ष पण वाढणार म्हणजे. — मग ह्याच न्या ना सर. मशिनीला काय कळतंय. — बरं, चुकीचं वय येईल, पण तिला तुम्ही सांगू नका, मी सांगते. आज नाय. सांगते मी.

फाटक वाजलं. ती पट्टी सोडा आधी हातातली. चहा घ्या.

आलीस, दीपाली? सर निघाले बघ, गाडी आहे त्यांची. त्या नळ्या दे त्यांना. तुझ्या हातानंच दे.