भावजींना न सांगितलेली गोळी

नाही हो सिस्टर, दुसरं कुठलंच औषध नाही — म्हणजे आहे. एक आहे. पण लिहू नका एवढ्यात. का काय — आतले डॉक्टर माझे सख्खे दीर आहेत. बीपीची गोळी त्यांनीच दिलेली. आता त्यांना कुठल्या तोंडानं सांगू, की भावजी, माझी पाळी गेली, अंगातून नुसत्या वाफा निघतात, म्हणून मी गुपचूप दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडून हार्मोनच्या गोळ्या घेते? त्या बाईंनी विचारलं होतं, बीपी आहे का — मी म्हटलं, छे. हो म्हटलं असतं तर गोळ्या मिळाल्या नसत्या, असं वाटलं.

आणि लाज काय एकट्या दिरांची आहे? माझी नणंद ह्याच गोळ्या घ्यायची. भर पंगतीत मीच म्हटलं होतं, वन्संना पुन्हा बोहल्यावर चढायचंय वाटतं. सगळे हसले. ती खाली मान घालून जेवत राहिली बिचारी.

मग बीपी काही उतरेना. भावजी डोस वाढवत गेले. परवा वर्गात फळ्यावर वर्तुळ काढताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तशीच खाली बसले. मुलीच धावल्या. संध्याकाळी भावजींनी ह्यांना बाजूला घेतलं — दादा, घरात काही ताण आहे का? वहिनीला सांभाळ जरा. तेव्हापासून हे घरात चोरासारखे वावरतात. टीव्ही बंद, मित्र बंद, सकाळचा चहासुद्धा स्वतः करतात. काल विचारलं, माझं काही चुकतंय का गं? आणि मी गप्प. खरं सांगू? बरं वाटलं मला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या मागेपुढे करत होतं — ते सोडवेना.

काय? त्या गोळीनंही काहीजणींचं बीपी वाढतं? — ठाऊक आहे मला. खोक्यातल्या कागदावर वाचलं होतं. वाचलं नि फाडून टाकला.

मनानं बंद नको करू म्हणता? बरं. भावजींना सांगायलाच हवं, कळतं हो. लिहा. लिहा गोळीचं नाव, माझ्या तोंडून नाही निघायचं त्यांच्यापुढे — कोण आलं? हे होय. या ना, आत या. अहो, पाणी नको मला. बसा इथं. त्या खुर्चीवर नाही, इथं, माझ्याजवळ. माझं बीपी तुमच्यामुळे नाही वाढलं —

सिस्टर, तुम्ही जरा बाहेर थांबता का?