एक एल्क पाठवण्याबाबत

कोरा : बाबा, तुम्ही कोलोरॅडोला शिकारीला येत नाही आहात. डॉक्टरांचा फोन होता. हृदय, डोंगर, विरळ हवा. नाही म्हणजे नाही.

आर्विड : लोणी सरकव इकडे.

कोरा : ऐकलंत ना?

आर्विड : काय ऐकायचं? फोन वाजलाच नाही. आपण मका खात होतो.

कोरा : फोन अजून माझ्या हातात आहे.

आर्विड : असू दे. हातात असला म्हणून वाजतोच असं नाही. आपण कुठे होतो?

कोरा : मोज्यांवर.

आर्विड : हां. लोकरीचे घ्यायचे. डोंगरात पाय गार पडले की माणूस संपला.

कोरा : तुम्ही मनगटाला लोणी लावलंय.

आर्विड : मनगट माझंच आहे. डॉक्टर लोण्याबद्दल काही म्हणाले?

कोरा : कोणते डॉक्टर? फोन कुठे वाजला?

आर्विड : शाब्बास. पोरगी माझी आहे.

कोरा : बरं, निघायचं कधी?

आर्विड : पहाटे. नेब्रास्का उजेडात पार करायचं.

कोरा : का? अंधारात काय होतं तिथे?

आर्विड : काही नाही. उजेडातही काही होत नाही म्हणतात. पण मला बघायचंय. वेशीवरच्या ओमाहाच्या पलीकडे मी गेलोच नाही कधी.

कोरा : आयुष्यात?

आर्विड : एल्कसारखं थोरलं हरीण बोलतं ते सप्टेंबरात. आणि सप्टेंबरातच इथे कापणी तोंडावर येते, वर डुकरं. डुकराला सांगून बघ एकदा, मी जरा डोंगरात जाऊन येतो म्हणून.

कोरा : आता विकलीत ना डुकरं.

आर्विड : म्हणून तर. डुकरं गेली आणि लॉटरीत शिकारीचे परवाने लागले. दोघांचे एकदम. हा योगायोग नाही, पोरी.

कोरा : तो संगणक आहे, बाबा. त्याला तुमच्या डुकरांचं कुणी सांगितलेलं नाही.

आर्विड : कळतं त्याला.

कोरा : धनुष्याचं बोला. काल अंगणात दोरी ओढताना तुम्ही जांभळे झाला होतात.

आर्विड : तो माझा उन्हाळ्यातला रंग आहे.

कोरा : बाण एल्कला लागला नाही. आईच्या टोमॅटोला लागला.

आर्विड : टोमॅटो हलला.

कोरा : एल्क तर हलला नव्हता. फोमचा आहे. नाताळात त्यालाच दिवे लावता तुम्ही.

आर्विड : मारायचं मला तसंही फारसं नाही.

कोरा : मग एवढा खटाटोप कशासाठी? धनुष्य, मोजे, नेब्रास्का?

आर्विड : बंदूकवाल्याला एल्क लांबून दिसला की त्याचं काम झालं. धनुष्यवाल्याला त्याला बोलवावं लागतं. आपण हाक द्यायची, त्याने ओ द्यायची, आणि मग झाडीतून तो स्वतः चालत यायचा. अंगणाएवढा जवळ. मला ती ओ हवी आहे.

कोरा : नुसती?

आर्विड : नुसती. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून दर सप्टेंबरला मक्याच्या कडेला उभा राहून हाक देतोय मी. आणि आपल्या आयोवात एल्क नाहीत.

कोरा : हे तुम्हाला माहीत होतं?

आर्विड : पहिल्या दिवसापासून. सराव म्हणून सुरू केलं. कॅसेटवरून शिकलो. ती घासून घासून शेवटी कोंबडीसारखी ओरडायला लागली, तेव्हा थांबलो.

कोरा : तुम्ही कुठे थांबलात?

आर्विड : कॅसेट ऐकायचा थांबलो.

कोरा : आई दर सप्टेंबरला मावशीकडे का जाते, माहीत आहे ना?

आर्विड : बहिणीवर जीव आहे तिचा.

कोरा : त्या दोघी एकमेकींशी बोलतही नाहीत. आणि शेजारच्या व्हर्ननकाकांनी शेरीफला बोलावलं होतं, ते?

आर्विड : शेरीफ भला माणूस. सगळं शांतपणे ऐकलं आणि लिहून घेतलं, ‘प्राणी. अज्ञात. बहुतेक उदास.’

कोरा : फोन वाजतोय. हा वाजतोय, की हाही वाजत नाही?

आर्विड : कोणाचा आहे?

कोरा : लायलचा. आपला कोलोरॅडोचा वाटाड्या.

आर्विड : मग वाजतोय. स्पीकरवर टाक.

लायल : नमस्कार, लायल बोलतोय. कुरणात उभा आहे. इथेच काय ती रेंज मिळते, तीही डोलोरेसला टेकून उभं राहिलं तर.

आर्विड : वहिनींना नमस्कार सांगा.

लायल : डोलोरेस माझं खेचर आहे.

आर्विड : तरी सांगा.

लायल : सांगतो. तर, माणसं किती धरू?

आर्विड : दोन.

लायल : दोघांच्या तब्येती धडधाकट? विचारावं लागतं हो. गेल्या हंगामात एका दातांच्या डॉक्टरला डोलोरेसवर आडवा घालून खाली आणला.

आर्विड : वाचला ना?

लायल : तो मजेत आहे. डोलोरेस मात्र तेव्हापासून कुणाला दात दाखवत नाही.

कोरा : लायल, वर कसं असतं ते खरं सांगा.

लायल : मुक्कामाच्या तळापर्यंत खेचर, पुढे आपले पाय. हवा अशी, की बुटाची नाडी बांधली तरी माणूस झाडाला टेकून बसतो. वर कुणी कोसळलंच, तर मदत आणायला मला खाली उतरावं लागतं. तोवर सोबतच्याने त्याच्याजवळ बसून राहायचं. बहुतेक वेळा सकाळ होते.

आर्विड : आणि शिकार?

लायल : ती मग राहते. एल्क मात्र आजूबाजूला बोलत असतात. त्यांना काय त्याचं.

आर्विड : बोलत असतात.

लायल : उजाडेपर्यंत.

आर्विड : लायल, एक ऐकाल? माझी हाक कशी आहे ते सांगायचं. भीडभाड न ठेवता.

लायल : होऊन जाऊ दे.

(आर्विड तोंडात टाळूला हाकेची रबराची चकती लावतो, भिंतीवरचा लांब भोंगा काढून तोंडाला धरतो आणि फोनकडे न बघता खिडकीबाहेरच्या मक्याकडे बघत हाक देतो. ती खालून गुरगुरत उठते, शिट्टीसारखी वर चढते, तिथेच थोडा वेळ थांबते आणि खोकल्यासारखी खाली येते. मग भोंगा खाली घेऊन तो फोनकडे वळतो.)

आर्विड : वाईट आहे?

लायल : वाईट नाही. घोड्याएवढा नर आहे हा, त्यात वाद नाही. फक्त जरासा डुकरांत वाढलेला वाटतो. थांबा. थांबा हं जरा.

आर्विड : काय झालं?

लायल : ऐका.

कोरा : हे काय होतं?

लायल : डोलोरेस. तुम्हाला ओ दिली तिने.

आर्विड : मला?

लायल : मला तर कधी देत नाही. कान टवकारून फोनकडे बघतेय.

आर्विड : खेचराने.

लायल : खेचराने.

आर्विड : खेचर तर खेचर.

कोरा : बाबा, त्या हाताने डोळे पुसू नका, लोणी आहे. हा घ्या रुमाल.

आर्विड : लायल.

लायल : बोला.

आर्विड : माणूस एकच धरा. माझी पोरगी.

लायल : मघाशी दोन म्हणालात.

आर्विड : मघाशी एक फोन वाजला नव्हता. आता वाजला. तिने एवढ्या लांब यायचं ते एल्क ऐकायला. माझा हात धरून उजाडायची वाट बघायला नाही.

कोरा : मी बसेन, बाबा.

आर्विड : बसशील. म्हणूनच.

लायल : ठीक आहे. एक. येताना मोजे लोकरीचे आणा म्हणावं.

आर्विड : ते आमचं ठरलंय.

कोरा : ठेवला त्याने.

आर्विड : डोलोरेसने परत नाही दिली ना ओ?

कोरा : नाही.

आर्विड : मका गार झाला.

कोरा : गरम करते. बाबा, तुमचा परवाना विभागाला परत पाठवावा लागेल, कारण कळवून. तुम्ही सांगा, मी लिहिते.

आर्विड : लिही. ‘माननीय वन्यजीव विभाग, कोलोरॅडो.’

कोरा : विषय?

आर्विड : ‘एक एल्क पाठवण्याबाबत.’

कोरा : विषय परवान्याचा आहे.

आर्विड : तो खाली घाल कुठेतरी.

कोरा : ‘महोदय, वैद्यकीय कारणास्तव अर्जदार डोंगरावर येऊ शकत नाही. सबब परवाना सोबत परत करत आहे.’

आर्विड : ‘त्या बदल्यात आपल्याकडील एक नर एल्क, वयाने कोणताही, येत्या सप्टेंबरात एका संध्याकाळपुरता आयोवाला पाठवावा.’

कोरा : ‘त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही.’

आर्विड : ‘अर्जदाराचा नेम पाहता ही हमी देता येते.’

कोरा : पुढे?

आर्विड : ‘त्याने फक्त एकदा ओ द्यावी. आवाज बारीक असला तरी चालेल.’

कोरा : एल्क नसलाच त्यांच्याकडे मोकळा, तर? खेचर चालेल लिहू?

आर्विड : ‘खेचराचं झालेलं आहे. आभार.’

कोरा : पत्ता?

आर्विड : ‘नेब्रास्का संपल्यावर डाव्या हाताला, मक्याच्या कडेला. रस्ता चुकल्यास आवाजाच्या रोखाने यावे.’

कोरा : किती वाजता यावं?

आर्विड : ‘सोयीने. अर्जदार सप्टेंबरभर संध्याकाळी तिथेच उभा असतो.’