खडपावरची खूण

प्राची : बाबा, खरं सांगायचं हं. रोज संध्याकाळी पावणेसातला गच्चीवर जाऊन तुम्ही कुणाशी बोलता?

बाबा : काय?

प्राची : फोनवर. टाकीच्या मागे उभं राहून.

बाबा : तुला कोण म्हणालं?

प्राची : अख्ख्या बी विंगला माहितेय. करिश्माची आई पापड वाळत घालते ना वर. जागृती म्हणाली, दम असेल तर बाबांना तोंडावर विचार. विचारलं! हरली ती. आता पटकन उत्तर द्या, दोघी खाली कट्ट्यावर बसल्यात.

आई : द्या की. मलाही ऐकू दे.

बाबा : नयन, तू पण?

आई : मला ठाऊक आहे कोण ते. अकरा वर्षं ठाऊक आहे. पण तुमच्या तोंडून कधी आलं नाही, म्हणून म्हटलं.

बाबा : गुणाजी.

प्राची : गुणाजीकाका? केळबंदरचे? सर्वेशदादाचे बाबा? शी, एवढंच! जागृतीला वाटलेलं काहीतरी सॉलिड निघेल.

बाबा : सांग जा तिला. काही सॉलिड नाही.

प्राची : थांबा पण. रोज? रोज काय बोलता त्यांच्याशी?

बाबा : पाणी कसं आहे विचारतो.

प्राची : कसलं पाणी?

बाबा : समुद्राचं. वारा कुठून आहे, खडपावर लाट फुटतेय की नाही, होड्या गेल्या का. तो सांगतो, मी ऐकतो. दोन मिनिटांचं काम.

आई : आणि मग खाली येऊन दोन तास भिंतीकडे बघत बसायचं. तेही त्याच कामात धरा.

प्राची : बाबा, इकडे बघा. हा माझा मोबाईल. वरचं नाव वाचा.

बाबा : केळबंदर... हे काय आहे?

प्राची : लाटांचा अंदाज! हे किनाऱ्याचं टोक, हे पाण्याखालच्या खडकांचं खडप. लाट किती फूट, कुठल्या दिशेने, दोन लाटांमध्ये किती सेकंद, वारा जमिनीकडून की समुद्राकडून. आठ दिवसांचं सगळं आधीच कळतं. मी रोज बघते. शाळा होती तेव्हा मधल्या सुट्टीत बघायचे, डबा खाता खाता.

बाबा : तू? कशाला?

प्राची : तुम्ही कशाला विचारता गुणाजीकाकांना?

आई : घ्या. एकाच घरात दोघं, दोघांचं लक्ष तिकडे. आणि मी इथलीच, शहरातली, टेंभी नाक्याची. मला समुद्र म्हणजे तलावपाळी. मधे भेळ मिळते.

प्राची : बाबा, आता मी जे सांगणारे ना, त्यावर लगेच नाही म्हणायचं नाही. आधी पाणी प्या.

बाबा : बोल.

प्राची : दिवाळीत आई आणि मी केळबंदरला गेलेलो. तुमची ड्यूटी होती.

आई : ड्यूटी होती म्हणे.

प्राची : तेव्हा सर्वेशदादाने मला फळीवर उभं राहायला शिकवलं. लाटेवर. सर्फिंग. टोकाच्या आतल्या बाजूला, जिथे खाली वाळू आहे तिथे. नऊ दिवस. पहिले चार दिवस नुसतं नाकातोंडात पाणी. पाचव्या दिवशी मी उभी राहिले, बाबा! लाट मला घेऊन गेली, पार होड्या ओढतात तिथपर्यंत. मी इतकी ओरडले की जाळी शिवणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या.

बाबा : नयन, हे तुला माहीत होतं?

आई : मी काठावर टॉवेल घेऊन उभी होते. काय करणार होते? तुमची मुलगी. पाण्यातून बाहेर येईना.

प्राची : तेव्हापासून रोज सकाळी गादीवर प्रॅक्टिस करते. पोटावर पडायचं, एका उडीत उभं राहायचं. पन्नास वेळा.

बाबा : म्हणून खालचे प्रफुल्लभाऊ दोनदा येऊन गेले? मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे कोणी काही कुटत नाही.

प्राची : सॉरी. तर रविवारी केळबंदरला स्पर्धा आहे. सोळा वर्षांखालच्या मुली, पहिल्यांदा खेळणाऱ्यांचा गट. दादाने माझं नाव दिलंय. आईबाबा दोघांची सही लागते. आईची झाली.

बाबा : कुठे आहे स्पर्धा? टोकावर?

प्राची : खडपावर.

बाबा : नाही.

प्राची : म्हटलं ना, लगेच नाही म्हणायचं नाही!

बाबा : पाणी प्यायलो. नाही.

प्राची : बाबा, टोकाची लाट छान आहे पण आळशी आहे. वळसा घालून हळूहळू येते, लांब चालते. खडपाची उभी राहते! सगळे तिच्यासाठी येतात, गोव्याहून, पुदुच्चेरीहून. तुम्हाला तिची भीती वाटते म्हणून मी...

आई : प्राची.

प्राची : काय? खरंय ते. अकरा वर्षं एकदा तरी गेलेत का? गणपतीला नाही, जत्रेला नाही. मी चार वर्षांची होते तेव्हा आपण इकडे आलो, आणि का आलो ते मला कोणीच सांगत नाही.

आई : सांगा आता. पंधराची झाली ती.

बाबा : गुणाजीची होडी होती. गोदा. त्याच्या आईचं नाव. सुकाणू माझ्या हातात असायचं. अंधारात निघायचं, उजाडताना परत यायचं. खडप पाण्याखाली असतं, दिसत नाही. मग खूण धरायची. देवळाचा कळस आणि त्याच्या मागचा एकटा माड. कळस माडाच्या उजवीकडे असेल तर होडी बिनधास्त आत घ्यायची. दोन्ही एका रेषेत आले की समजायचं, खडप खाली आहे. माझ्या आजोबांनी त्यांच्या आजोबांकडून घेतलेली खूण.

प्राची : मग?

बाबा : त्या वर्षी वादळ झालं. चार दिवसांनी आम्ही पहिल्यांदा बाहेर गेलो. परत येताना मी माड बघितला, कळस बघितला, उजवीकडे. होडी आत घेतली.

प्राची : आणि?

बाबा : तो माड नव्हताच तो. आपला माड वादळात पडलेला. मी बघत होतो तो शेजारच्या वाडीतला. गावातल्या शेंबड्या पोराला माहीत होतं माड पडलाय. मलाही माहीत होतं, दोन दिवस आधी मीच त्याच्या झावळ्या ओढल्या होत्या. पण डोळ्यांना सवय होती तिथे माड बघायची. त्यांनी बघितला.

आई : कोणाला खरचटलंसुद्धा नाही गं. चौघं पोहत आले.

बाबा : होडी खडपावर फुटली. फळ्या आठवडाभर किनाऱ्याला लागत होत्या. गुणाजी एक शब्द बोलला नाही. फळ्या गोळा करत होता. त्यानंतर मी सुकाणू धरलं नाही. कारखान्यात आलो. इथे दिवसभर दाबाचे काटे बघतो. काटा जिथे असतो तिथेच असतो.

प्राची : मला वाटायचं, तुम्हाला ते सगळं आवडत नाही. वास, मासे, गाव. म्हणून येत नाही.

बाबा : आवडत नाही?

आई : झोपेत वारा सांगतात हे. मी ऐकलंय.

बाबा : दाखव तो अंदाज. रविवार.

प्राची : हे बघा. सकाळी सात. लाट साडेचार फूट, नैऋत्येकडून. चौदा सेकंद, म्हणजे खूप लांबून आलेली, दमाची. वारा जमिनीकडून, मंद. मतलई वारे, भूगोलात आहेत. पाचपैकी पाच तारे! सगळा चौकोन हिरवा. अख्ख्या मे महिन्यात असा दिवस नाही. माझी फेरी साडेसहा ते सव्वासातच्या मधे.

बाबा : तिथी कोणती?

प्राची : तिथी?

बाबा : रविवारची.

आई : उद्या अमावास्या. परवा प्रतिपदा.

बाबा : म्हणजे उधाणाचे दिवस. दुपारी पाणी चढेल तेवढंच सकाळी उतरेल. साडेसहाला खडपावर गुडघाभर तरी पाणी असेल का?

प्राची : असं कसं? इथे तर पाच... थांबा. खाली आहे बारीक अक्षरांत. ओहोटी, सहा वाजून दहा मिनिटं. पाणी... बाबा, हा आकडा शून्याच्या जवळ आहे.

बाबा : आणि ही वेळ कुठल्या बंदराची?

प्राची : केळबंदरची नाहीये. लांबच्या मोठ्या बंदराची आहे.

बाबा : आपल्याकडे ओहोटी वीस-पंचवीस मिनिटं उशिरा लागते. म्हणजे बरोबर तुझ्या फेरीला.

प्राची : मी हे रोज बघते, बाबा. रोज! सहा महिने. आणि मी फक्त तारे बघितले.

बाबा : असतं तसं.

प्राची : गुणाजीकाकांना लावा फोन. आत्ता. इथूनच, गच्चीवर नाही जायचं. स्पीकरवर.

(बाबा फोन लावतात. टेबलावर, भाजीच्या पातेल्याला टेकवून ठेवतात.)

गुणाजी : काय रे साईनाथा, आज दोनदा? सगळा बरा मा?

बाबा : बरा आसा. चेडू काय तरी इचारता तुका.

प्राची : अय्या! चेडू म्हणजे मी? बाबा, तुम्ही असं बोलता?

गुणाजी : अगो बाय माझे! तू कधी येतंस? सर्वेशान तुझी फळी धुवून ठेवली हा.

प्राची : काका, रविवारी सकाळी साडेसहा-सातला खडपावर कसं असेल?

गुणाजी : साताक? खडपार कावळे बसतले गो.

प्राची : कावळे?

गुणाजी : मगे! उधाणाची सुकती ती. दगड उघडे पडतत. मी सर्वेशाक सांगितलंय, त्यान स्पर्धावाल्यांका सांगितल्यान. ते म्हणतत, मोबाईलार हिरवा दाखयता. दोन दिवस वाद चललो हा. उद्या येऊन बघतले म्हणे. माझा कोण आयकता?

बाबा : आणि दहा वाजता?

गुणाजी : धा वाजता पाणी भरता. टोकार बरी लाट लागतली. लांब. तुका म्हायत आसा, माका काय इचारतंस?

प्राची : काका, एक विचारू? तो खुणेचा माड होता ना, पडलेला. तिथे आता काय आहे?

बाबा : प्राची, राहू दे.

गुणाजी : माड आसा.

बाबा : कसलो माड?

गुणाजी : मी लावलंय. वादळाच्या फुडल्या म्हयन्यात. त्याच खड्ड्यात. माड आपसूक थोडोच उगवता? आता कळसाच्या बरोबरीक इलो. औंदा पयले नारळ धरले.

बाबा : गुणाजी, अकरा वर्सां तू माका सांगूक नाय?

गुणाजी : तू रोज पाणी इचारतंस, साईनाथा. माड खय इचारलंस?

(बाबा उठून खिडकीशी जातात.)

गुणाजी : आसंस काय रे? हॅलो?

आई : आहेत, भावजी. इथेच आहेत. मी लावते नंतर फोन.

गुणाजी : बरा, बरा. जेवा आता.

प्राची : बाबा, पाणी देऊ?

बाबा : नको. त्याच खड्ड्यात म्हणाला ना?

आई : हो. त्याच खड्ड्यात.

बाबा : होडी गेली होती त्याची. आणि हा माड लावत बसला.

आई : कोणासाठी लावला असेल?

प्राची : मी एक मिनिट आत जाते. सर्वेशदादाला फोन करायचाय.

आई : आता आणि काय काढणारेस? सहीचा विषय संपला ना?

प्राची : संपला. एकच मिनिट.

बाबा : नयन, रुसली का ती? हिरव्या चौकोनावर किती आनंदात होती.

आई : रुसली असती तर दार आपटलं असतं. तुम्ही जेवून घ्या. भरलं वांगं आहे.

बाबा : खरं सांगू? पाणी कसं आहे म्हणून विचारायचो ते पाण्यासाठी नाही. एक दिवस तो म्हणेल, ये आता. वाट बघत होतो.

आई : आणि तो वाट बघत होता की तुम्ही माडाचं विचाराल. दोघंही धन्य आहात. दोन मिनिटांचा फोन, त्यात वारा, पाणी, मासळीचा भाव! बायका असत्या तर पहिल्या आठवड्यात रडून मोकळ्या झाल्या असत्या.

बाबा : दोन दिवस सुट्टी मागितली तर मिळेल मला. मागितलीच नाही कधी.

आई : मला कशाला सांगता? आली बघा.

प्राची : आई, बाबा, दोघं नीट बसा. करिश्मा, जागृती पण ऐकतायत, फोन चालू आहे, गप्प बसायचं कबूल केलंय दोघींनी. तर मी स्पर्धेतून नाव काढलंय. आत्ताच. दादा म्हणाला, पुढच्या वर्षी. पण उद्या सकाळी दिवा स्टेशनहून गाडी आहे आणि मी ती पकडणारे. रविवारी दहा वाजता, पाणी भरल्यावर, टोकावर उतरणार, नंबर नाही, पंच नाही, नुसती मी. आणि बाबा, मी एकटी जाणार नाही. त्या सगळ्या माडांमध्ये आपला कुठला, ते मला कसं कळणार?