नको तितकी नीटस कॉइल

सून : तूच सांग. आई तुझी आहे.

मुलगा : आणि कॉइल तुझी. मी का मधल्या मधे मरू?

सून : ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात जन्मभर तारा गुंडाळलेल्या बाईला मी काय सांगू? तुमची कॉइल फार नीटस झालीय म्हणून चालत नाही?

मुलगा : हे कुठलं शास्त्र?

सून : अरे, इंडक्टन्सचा, म्हणजे किती वेढे लागतील त्याचा, माझा अंदाज बरोबर आला. पण वेढ्याला वेढा इतका खेटून बसवलाय, की शेजाऱ्या-शेजाऱ्यांतच चार्ज साठतो. सात मेगाहर्ट्झला पलीकडच्या कॉइलला वीज द्यायची, तर ही साडेसहालाच आपल्याच नादात घुमायला लागते. त्याच्या वर गेलं की ती कॉइलच राहत नाही.

मुलगा : म्हणजे घरातल्यांच्याच गप्पा इतक्या, की दारातल्या पाहुण्याला कोणी विचारत नाही.

सून : हसू नकोस. उद्या डॉक्टरांना पेशंटच्या कातडीआडची बॅटरी बाहेरून, तार न जोडता चार्ज कशी होते ते दाखवायचंय. आणि आईंनी रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच हौसेनं काही हातात घेतलंय...

सासूबाई : (दारातून) झालं माझं गुणगान? कान शाबूत आहेत म्हटलं.

सून : आई! तसं नाही हो...

सासूबाई : कसं नाही? आमचे साहेब सैल वेढा दिसला की कॉइल अंगावर फेकायचे!

सून : त्या कामाला घट्टच लागायची. तिथं वीज सावकाश हेलकावते, इथं सेकंदाला सत्तर लाख वेळा. फट ठेवा, हे मीच सांगायला विसरले.

सासूबाई : केवढी फट?

सून : तारेच्या जाडीएवढी. थोडं मागंपुढं चालतं.

सासूबाई : मागंपुढं चालतं?

सून : उलट, वेढे नेमके एकमेकांवर बसले नाहीत तर बरंच.

सासूबाई : अरे, माझ्या शिवणाच्या डब्यात बघ. चिंध्यांखाली.

मुलगा : ही काय? किती वाकडीतिकडी!

सासूबाई : पहिली केलेली. हात थरथरतो हल्ली. दाखवायची लाज वाटली, लपवली. दुसरीच्या वेळी मनगट खुर्चीला बांधून घेतलं.

सून : आई...! द्या इकडे, मीटरला लावते. वेढे तेवढेच ना?

सासूबाई : मोजता अजून येतं मला.

सून : अकरा मेगाहर्ट्झ! तिथपर्यंत हूं की चूं नाही! आता पलीकडची, दिवा जोडलेली कॉइल ठेवते... लागला! दिवा लागला, आई!

मुलगा : वा! आणि उद्या ऐन वेळी ही तुटली तर?

सून : खरंच की. जोडीला एक हवी. अगदी अशीच.

सासूबाई : आण मग तार. आज हात बांधायला नको.