वेर्नरची थ्री नॉट थ्री

मी मूळचा गडहिंग्लजकडचा, लोहाराच्या घरातला. आमच्या वडलांचा भाता व्हता, विळे, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ, सगळं घरीच चालायचं, आनि मी काय शिकलो म्हनशीला तर लोखंड कुटं दुखतंय ते बगायला शिकलो. म्होरं पोलिसात भरती झालो, दोन वर्सं बंदोबस्ताला हुबा ऱ्हायलो, मग सायबांनी इचारलं, लोहाराचा ना रं तू? आनि मला आर्मररच्या कोर्सला घातलं. आर्मरर म्हंजे हत्यारं दुरुस्त करनारा मानूस. तवापासून रिटायर होईस्तोवर मी जिल्ह्याच्या कोतात, म्हंजे हत्यारं ठेवायच्या खोलीत. ताई, काय सांगू तुम्हास्नी, लोकं देवळाच्या वासानं शांत हुत्यात, मी त्या तेलाच्या वासानं व्हायचो.

आमच्याकडं सगळ्या थ्री नॉट थ्री रायफली. जुन्या, जड, लाकडी दस्त्याच्या. म्होरं नवी हत्यारं आली, पर माजा जीव त्या थ्री नॉट थ्रीत. एकेकीचा नंबर पाठ व्हता मला. मंडळी म्हनायची, पोरांचे वाढदिवस इसरता आनि ह्ये बरं ध्यानात ऱ्हातं. खरंच व्हतं तिचं.

मंडळी गेली आनि पोरगा म्हनाला, आबा, आता तितं एकटं न्हाई ऱ्हायचं. आलो हिकडं, कार्ल्सरूहेपासनं जरा आत हाय आमचं गाव. पोरगा सॉफ्टवेअरमधी, सूनबाई पन. नातीला मराठी समदं कळतं, पर उत्तर देती जर्मनमधी, मग ती हसती, मीबी हसतो, झालं बोलनं. सकाळी फिरून यायचं, खिडकीत बसायचं. वर्सभर मी कायबी दुरुस्त केलं न्हाई बगा. हितं बिघडलं की नवीन आनत्यात.

शेजारी वेर्नर. ऐंशी उलाटलेला, उंच, बायको आदल्या वर्सी गेलेली. कुंपनापाशी रोज दोन शब्द, गूटन मॉर्गन, आनि मग तो जर्मनमधी बोलायचा आनि मी मराठीत, दोगंबी मान हालवायचो. एक दिवस त्यानं हातानं इशारा केला, खांद्याला रायफल लावल्यागत, आनि बोटानं हवेत लिवलं, तीन, शून्य, तीन. मी तितंच हुबा. सूनबाईला हाक मारली, म्हटलं इचार त्येला, काय म्हनतोय ह्यो. ती म्हनाली, अहो आबा, त्यांच्याकडं जुनी लष्करी रायफल आहे, गावाच्या नेमबाजी क्लबात ते ती चालवतात, तुम्ही काय काम करत होता ते मी त्यांना सांगितलं होतं, येता का म्हणून विचारतायत.

येता का! मी पायात बूट घालून तयार.

शनवारी सूनबाईनं गाडी काडली आनि आमी तिगं गेलो. रानाच्या कडंला क्लब. वेर्नरनं पेटी उगडली आनि तो वास आला, ताई. मी तोंड फिरवून झाडाकडं बगत ऱ्हायलो जरा वेळ. मग रायफलीवरचा ठसा बगितला, आपल्याकडच्या कारखान्याचा न्हवता, विलायतचा व्हता, तरी नात्यातलं कुनी भेटल्यागत झालं.

पर रायफल चालंना. एक गोळी सुटली, दुसरीला बोल्ट, म्हंजे काडतूस नळीत सारनारा दांडा, ढकलला तर अडकला. काडून परत भरली, परत अडकली. देखरेखीला एक बाई व्हती, झाबीनं नावाची, कडक पर न्यायाची, ती कायतरी बोलली आनि वेर्नरचं तोंड उतारलं. सूनबाईनं सांगिटलं, दोन आठवड्यांनी जुन्या रायफलींची स्पर्धा आहे, ही अशीच अडकत राहिली तर लाइनवर आणू देणार नाहीत म्हणे, आणि डॉक्टरांनी यांना सांगितलंय की डोळ्यांमुळं ही शेवटची स्पर्धा. वेर्नर रायफल पेटीत ठेवाय लागला. मी म्हटलं, सूनबाई, त्येला म्हनावं थांब. आनि त्या बाईला इचार, मी हात लावू का.

बाई आधी नाईन म्हनाली, म्हंजे न्हाई. बरोबर हाय तिचं, कायदा हाय. मग सूनबाई काय काय बोलली कुनाला ठावं, बाई शेजारी येऊन हुबी ऱ्हायली आनि म्हनाली, खरी काडतुसं न्हाईत, सरावाची नकली घ्या. मी म्हटलं, मीबी तेच म्हननार व्हतो. पयलं रायफल रिकामी केली, बोल्ट उगडा, नळी निशाणाकडं, डोळ्यानं बगितलं, करंगळी घालून बगितलं. बाई माज्या बोटाकडं बगत व्हती, मग जरा सैल झाली.

आता बगा, थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाला बुडाशी भायेर आलेली कड असती, ताटाच्या काठागत. मॅगझीनमधी, म्हंजे रायफलीच्या खालच्या डबीत, भरताना वरच्याची कड खालच्याच्या कडंच्या म्होरं यावी लागती. मागं ऱ्हायली की वरचं खालच्याला धरून ठेवतं. वेर्नर भरत व्हता कशीबी, कारन त्याच्या दुसऱ्या जर्मन रायफलीच्या काडतुसाला अशी कडच न्हाई. मी एकेक करून भरून दावलं. तो म्हनाला, लांगझाम, लांगझाम, म्हंजे हळू दाव. परत दावलं. चार गेली सुरळीत, आनि पाचवं ऱ्हायलं. बोल्ट त्याच्या डोक्यावरनं घसरून रिकामाच म्होरं गेला.

भवतीनं जमलेली क्लबातली लोकं हळहळली. पर माजा हात आपसूक मॅगझीनच्या बुडाला गेला, तळव्यानं वर दाबलं, बोल्ट मारला, काडतूस सुरकन आत. हात काडला की चुकतंय, दाबलं की जातंय. म्हंजे मॅगझीन धरनारा खटका झिजलेला, मॅगझीन सुताभर खाली लोंबतंय. सूनबाईनं सांगिटलं आनि झाबीनं म्हनाली, गेनाऊ, म्हंजे बरुबर! आनि लगेच म्हनाली, हे काम परवान्याच्या कारागिराकडंच करून घ्या. म्हटलं, जरूर.

येताना गाडीत वेर्नरनं इचारलं, तुमाला इतक्या लवकर कसं कळलं. आनि मी जे कुनाला सांगिटलं न्हवतं ते सांगाय लागलो. आमचा शिवा व्हता, माज्याबरुबर भरती झालेला. पुरात मानसं काडताना गेला. त्येला सलामी द्यायची व्हती, रायफली मी तयार केल्या, नळ्या साफ, तेल, समदं बगितलं. तिसऱ्या फैरीला एक रायफल वाजलीच न्हाई. ह्योच खटका. शिपाई तसाच नजर म्होरं ठेवून हुबा. कुनाच्या ध्यानात आलं न्हाई, सायबांच्या न्हाई, शिवाच्या बायकोच्याबी न्हाई. मला कळलं. मी मोजत व्हतो ना. दोस्ताच्या सलामीला एक गोळी कमी पडली, आनि ती माज्या हातनं. त्या दिसापासनं एकबी मॅगझीन तळव्यानं दाबल्याबिगर मी कोताच्या भायेर जाऊ दिलं न्हाई.

सूनबाई मराठीतनं जर्मन करत व्हती, करता करता थांबली, गाडी कडंला घेतली. मग वेर्नरनं इचारलं, बायकोला सांगिटलं व्हतं का? म्हटलं, न्हाई. त्यानं मान हालवली आनि म्हनाला, मीबी माज्या बायकोला लई काय सांगिटलं न्हाई.

खटका नवा बसला. स्पर्धेच्या दिवशी मी मागं खुर्चीवर, वेर्नर लाइनवर. धा गोळ्या. एकेक बोल्ट मी मोजत व्हतो. धाच्या धा गेल्या ताई, एकबी थांबली न्हाई. नेम कुटं लागला म्हनू नका, शेवटनं दुसरा आला तो. पर भायेर आला आनि माजा हात धरून असा हसला, पोरावानी.

त्या हिवाळ्यात त्यानं परवाना परत दिला, रायफल झाबीनंला दिली. आता तो लेकीकडं ड्रेस्डेनला ऱ्हातो. रविवारी फोन करतो. हालो म्हनतो, मी हालो म्हनतो, मग तो त्याच्या भाषेत, मी माज्या. सूनबाई इचारती, काय बोलता एवढं? म्हटलं, तब्येत.

आनि मी गुरवारी क्लबात जातो. नवीन लोकास्नी नकली काडतुसं भरायला दावतो, मला हेर आबा म्हनत्यात, हेर म्हंजे त्येंच्यात श्रीयुत. गुडघा दुखतो, थंडी मानवत न्हाई, गावाकडची लई सय येती, पर तितं आता दार उगडनारं कोन हाय. हितंच भागवायचं.

तुमी एवढं बसून लिवून घेतलंत, बरं वाटलं. तुमचं शिक्शान पुरं होऊ दे, चांगली नोकरी लागू दे. आनि आईबापास्नी हिकडं बोलावलंत तर खिडकीत बसवून ठेवू नगा, शेजाऱ्याची वळख करून द्या. भाषा येत न्हाई म्हनून अडतं जरा, न्हाई म्हनत न्हाई मी. पर भागतं, पोरी. भागतं.