जरा पाणी आलं होतं

काकू : ...आणि आधीच सांगून ठेवते हं पोरी, मी इथे 'नाही' म्हणायला आलेय. जहाज बघायला नाही. नाही म्हणणार, शिडी उतरणार आणि ह्यांना घेऊन घरी जाणार.

इंजिनिअर : म्हणा ना काकू, पण आत येऊन म्हणा. इथे वाऱ्यात उभं राहून घसा बसेल तुमचा. चीफ, तुम्ही पुढे व्हा. वाट तुम्हाला माहीत आहे.

चीफ : माहीत आहे.

काकू : ऐकलंस? आवाज ऐकलास? घरी पाणी मागतात तेसुद्धा ऐकू येत नाही आणि इथे पाय ठेवला की कसं खणखणीत 'माहीत आहे'!

इंजिनिअर : तुम्ही खरंच पहिल्यांदा येताय? चीफनी अख्खी नोकरी हिच्यावर काढली की. कारखान्यातून पाण्यात उतरली, तेव्हापासून.

काकू : सवतीच्या घरी कुणी पाय ठेवतं का गं? मी लग्न होऊन आले तेव्हा ही आधीच येऊन बसली होती. वर्षातनं दीड-दोन महिने नवरा माझा, उरलेला हिचा. बायकांसाठी जहाज उघडं ठेवायचे दर वर्षी, शेजारणी नटूनथटून यायच्या. मी नाही आले. म्हटलं, तुझं तुला, माझं मला.

चीफ : पाय उचल. उंबरठा उंच आहे.

काकू : दिसतोय मला. एवढा उंच उंबरठा कशाला?

चीफ : एका खोलीत पाणी आलं तर दुसरीत जाऊ नये म्हणून.

काकू : आणि मधे खड्डा कसला पडलाय ह्याला? लोखंडाचा ना हा?

इंजिनिअर : पाय पडून पडून झिजलाय, काकू. मी पहिल्यांदा आले तेव्हा इथेच थांबले होते. लोखंड झिजायला किती माणसं गेली असतील इथून, पळत! हा कठडा बघा, हात लावा. रंग कितीदा दिला, टिकत नाही. हातांनी पुसला जातो.

काकू : गुळगुळीत झालाय अगदी. आमच्या पाळण्याची दांडी अशी झाली होती.

इंजिनिअर : या डेकवर एकदा चारशे माणसं बसली होती. वादळात प्रवासी बोट बुडत होती, हिने जवळ जाऊन सगळ्यांना वर घेतलं. आमच्या माणसांनी आपापले झोपायचे बंक देऊन टाकले आणि स्वतः उभ्याने परत आली. चीफ, तुम्ही होता ना?

चीफ : होतो. एक म्हातारी भांडत होती. म्हणे, माझ्या चपला बोटीत राहिल्या, परत फिरवा. शेवटी कॅप्टनने स्वतःच्या काढून दिल्या.

काकू : हे कधी सांगितलं नाहीत मला!

चीफ : सांगितलं होतं.

काकू : काय सांगितलं होतंत? 'उशीर झाला, वाटेत गर्दी होती.' गर्दी म्हणजे मला वाटलं बंदरात गाड्या अडकल्या असतील! बघ पोरी, असा हा माणूस. तोंडातून शब्द काढायचा तर चिमटा लागतो, आणि निघाला तर तोही अर्धाच.

इंजिनिअर : म्हणूनच चीफ हवे आहेत आम्हाला. काकू, आता तुम्हाला...

काकू : बोल, बोल. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?

इंजिनिअर : परवा सकाळी हिला ओढून खोल समुद्रात नेणार. तोफा काढल्या, तेल काढलं, धुऊन स्वच्छ केली. तिथे तिच्यात पाणी सोडायचं. तळाशी बसली की माशांचं घर होईल. तिथवर जाताना तिच्यावर जुनी माणसं असावीत असं आम्हाला वाटतं. आधी सगळे दुसऱ्या बोटीवर उतरतील, मगच पाणी सोडायचं. संध्याकाळी घरी. पण चीफ म्हणाले, घरून हो आलं तरच.

काकू : आणि ह्यांच्या छातीत जाळी बसवून वर्ष झालं नाही, ते म्हणाले का?

चीफ : डॉक्टर जा म्हणालेत.

काकू : डॉक्टरांचं काय जातंय? त्यांना वाट बघायचीय थोडीच! नोकरी संपली त्या दिवशी दारात उभं राहून काय म्हणाला होतात? 'आता चालत्या जहाजावर पाय ठेवणार नाही.' मी म्हटलं होतं का म्हणा? तुम्ही आपणहून म्हणालात.

चीफ : म्हणालो होतो.

काकू : मग? शब्द म्हणजे काय खिशातला रुमाल आहे का, हवा तेव्हा काढला, हवा तेव्हा कोंबला?

चीफ : म्हणून तर तुला विचारतोय.

काकू : विचारत कुठे आहात? बारा दिवस जेवताना नुसते भिंतीकडे बघताय. त्यापेक्षा भांडला असतात तर बरं झालं असतं.

इंजिनिअर : काकू, जरा खाली येता? इंजिन रूममध्ये. शिडी उभी आहे, पण मी तुमच्यापुढे राहते. एकदा चीफची जागा बघा आणि मग नाही म्हणा. मी एक शब्द बोलणार नाही.

काकू : हा डाव आहे तुमचा दोघांचा. कळतंय मला. चला. पण गुडघ्यांनी संप केला तर वर उचलून आणायचं, सांगून ठेवते.

(तिघं खाली उतरतात. इंजिनं बंद आहेत. काकू मान वर करून बघते.)

काकू : अगं बाई!

इंजिनिअर : हो ना?

काकू : केवढं आहे हे! आपलं घर मावेल की हो ह्यात, माडीसकट. आणि हे सगळं फिरायचं? एकदम?

चीफ : फिरायचं.

काकू : आवाज?

चीफ : समोरच्याचं ऐकू यायचं नाही. हातांनी बोलायचो. असा तळवा दाखवला की थांब. अशी दोन बोटं की पंप चालू कर.

काकू : असं! घरी मला तळवा दाखवता तेव्हा वाटायचं, मला गप्प बसवताय.

चीफ : तेही असायचं थोडं.

काकू : बघितलंस! बोलले तर हे बोलतात. पोरी, ती भिंत अशी का गं? बाकी सगळं सरळ, आणि इथे नागमोडी जाडजूड शिवण घातल्यासारखी?

इंजिनिअर : तेच दाखवायला आणलं तुम्हाला. ही ती भिंत. सुरुंगाची.

काकू : कसला सुरुंग?

इंजिनिअर : कसला म्हणजे? चीफ, काकूंना... माहीत नाही?

चीफ : माहीत आहे. जरा पाणी आलं होतं तेव्हाचं.

इंजिनिअर : जरा पाणी?

काकू : थांबा तुम्ही. तू सांग पोरी. अर्धं नको, सगळं सांग.

इंजिनिअर : धान्याच्या जहाजांना सोबत करत ही चालली होती. कुणीतरी पाण्यात सुरुंग पेरून ठेवले होते. एक हिच्या पोटाखाली फुटला. भिंतीपलीकडच्या खोलीला एवढं भोक पडलं की त्यातून मोटार आत गेली असती. ती खोली क्षणात भरली. माणसं कशीबशी बाहेर आली. आणि ही मधली भिंत तडकली, वरपासून खालपर्यंत. ही खोलीही भरली असती तर जहाज गेलं असतं, काकू. दोनशे माणसं होती. आम्हाला हे शिकवतात. नव्या पोरांना पहिल्या दिवशी इथे आणून उभं करतात आणि सांगतात, या भिंतीला पाठ लावून माणसं उभी होती. छातीपर्यंत पाण्यात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. एकही जण हलला नाही आणि एकही जण गेला नाही. अंगावर काटा येतो माझ्या अजून. हे बघा.

काकू : छातीपर्यंत?

चीफ : मी उंच आहे. मला कमरेच्या जरा वर.

काकू : मला फोनवर म्हणालात, 'जरा पाणी आलं होतं, पुसून काढलं.' आणि मी काय म्हटलं आठवतंय? 'बरं झालं, तिथे तरी पुसता. घरी कधी फडकं हातात घेत नाही.'

चीफ : हसलो होतो मी. सगळ्यांना सांगितलं. सगळे हसले. फार दिवसांनी हसलो होतो तेव्हा.

काकू : माझा हात धरा जरा. बसायला काही आहे का इथे? ह्या पेटीवर बसले तर चालेल? काय लिहिलंय हिच्यावर? र... रजई?

इंजिनिअर : हो, बसा, बसा. रजईची पेटी आहे ती.

काकू : इंजिनाला रजई लागते?

इंजिनिअर : पांघरायची नाही हो. गळती बंद करायचं सामान. जाड कापडाच्या घड्या, फळ्या, लाकडी पाचरी. कुठे पाणी आत आलं की आम्ही ओरडतो, 'रजई!' की सगळे पळत येतात. सरावात, खऱ्यात, सगळीकडे हाच शब्द.

काकू : रजईच का पण?

इंजिनिअर : काय माहीत. पुस्तकात दुसराच शब्द आहे, लांबलचक. पण म्हणतात सगळे रजईच. आधी ह्या जहाजावरच म्हणायचे. मग इथली माणसं बदलीवर गेली, तशी दुसऱ्या जहाजांवर गेली ही रजई. माझी मैत्रीण अगदी नव्या जहाजावर आहे, तिथेही हेच ओरडतात. कुठून आला शब्द, कुणालाच ठाऊक नाही.

काकू : अहो.

चीफ : हं.

काकू : मी तुम्हाला शिवून दिलेली रजई कुठे गेली?

चीफ : सांगितलं होतं तुला. वाळत घातली होती. वाऱ्याने उडाली.

काकू : माझ्याकडे बघा आणि सांगा.

चीफ : त्या भेगेत गाद्या घालून बघितल्या. जाड होत्या, शिरेनात. उश्या फुटल्या. मग बंकवरून ओढून आणली. ती गेली आत. कापूस भिजला, फुगला आणि बसली. बसली ती बसलीच. मग तिच्यावर फळ्या, फळ्यांवर पाचरी, पाचरींवर आम्ही. पाणी यायचं थांबलं नाही, पण पंपाला पेलेल इतकं कमी झालं.

काकू : फाटली नाही?

चीफ : एक टाका उसवला नाही. बंदरात आल्यावर काढली तेव्हाही अख्खी होती. तेलाने काळी झालेली. सगळे हात लावून बघत होते. कॅप्टनसुद्धा. विचारलं त्याने, कुणी शिवलीय?

काकू : दुहेरी दोरा होता. सासूबाई म्हणाल्या होत्या, एवढा दोरा कशाला नासतेस? मी म्हटलं, समुद्रावर जाणाऱ्या माणसाची आहे, टिकायला हवी.

इंजिनिअर : थांबा. थांबा जरा. म्हणजे ही रजई... आम्ही ओरडतो ती... चीफ, ती खरीच रजई होती? काकूंची?

चीफ : त्या वेळी मी ओरडलो होतो, 'माझी रजई आणा.' तेवढं लक्षात राहिलं पोरांच्या.

इंजिनिअर : काकू, मी काय बोलू? मी एवढी वर्षं रोज... दोनशे माणसं, आणि त्यानंतर बोटीवरची ती चारशे. ती वादळाची गोष्ट नंतरची आहे. जहाज टिकलं म्हणून ती माणसं वाचली. आणि मी तुम्हाला उंबरठा दाखवत बसले!

काकू : गप गं. मला रडू येतंय. अहो, किती बोलले मी तुम्हाला! येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, ह्यांना एक रजई सांभाळता आली नाही. लेकीच्या सासरीसुद्धा सांगितलं. नावच पडलं तुमचं, रजई उडवणारे. आणि तुम्ही आपले हसत बसायचात! एकदा तोंड उघडायचं नाही?

चीफ : रजई कुठे गेली सांगायचं, तर भेग केवढी होती तेही सांगावं लागलं असतं. मग तू मला परत जाऊ दिलं असतंस का?

काकू : नसतं दिलं.

चीफ : म्हणून उडाली.

काकू : त्यानंतर मी रजई शिवली नाही. रागाने. मशीनवर धूळ बसू दिली.

चीफ : माहीत आहे.

काकू : कुठे आहे ती भेग? नेमकी कुठे? इथे? हात पोचतो का माझा?

चीफ : जरा वर. हं. तिथे.

काकू : गार आहे. मी हिला सवत म्हणायचे हो. जन्मभर बोटं मोडली हिच्या नावाने. आणि माझ्या हातचं घालून ही उभी राहिली. परवा खाली जाणार म्हणता? एवढी मोठी, एवढं करून?

इंजिनिअर : हो, काकू.

काकू : पोरी, मला नाही म्हणायचं होतं ते का, सांगू? वाट बघायची पण सवय असते. ती मला होती. दार वाजलं की कोण असेल, फोन वाजला की कुणाचा, कान दाराकडे ठेवून स्वयंपाक करायची सवय. हे घरी आले आणि मी विसरले ते सगळं. आता परत नाही जमायचं. एक दिवस म्हणजे काही कमी नसतो.

चीफ : मग राहू दे. इथूनच बघू. धक्क्यावरून दोघं मिळून.

काकू : तुम्ही गप्प बसा. तळवा दाखवतेय, दिसत नाही? पोरी, परवा तिथे वारा असेल ना?

इंजिनिअर : असेल. डेकवर बोचरा असतो.

काकू : चला हो, उठा. घरी गेल्यावर मशीन पुसायला लागेल. कापूस आणा वाटेत. परवापर्यंत मोठी नाही होणार, पाय उघडे राहतील. पण छाती झाकेल.

चीफ : अगं, आणि ही पण उडाली तर?

काकू : उडू दे. तुम्ही तेवढे परत या.